आनंद - क्रामनिक, बॉन २००८ : मेरानमधला उंट बी७ नक्की कशासाठी?

काळा_उंट (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये १५ मिनिटांची रॅपिड होती, चौथ्या राउंडला मला काळी मोहरी आली आणि समोरच्या पोराने सरळ सेमी-स्लाव्ह ओपनिंगमध्ये घुसून तिची मेरान ही शाखा खेळायला घेतली. मला मनातून आनंदच झाला, कारण २००८ च्या जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये आनंदने जर्मनीत बॉनला क्रामनिकला ज्या लाईनमध्ये दोनदा पाडलं ती लाईन मी कॉलेजात असताना कात्रणं काढून वहीत उतरवलेली आणि अजूनही तोंडपाठ आहे. चौदाव्या चालीपर्यंत भराभर खेळलो, दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील. १४...उंट बी७ केलं, त्याने थोडं बघितलं आणि उंटाने बी५ चं प्यादं मारलं. आणि तिथून पुढे मला काय करायचंय तेच कळेना हो. राजा मध्ये उघडा वाटला म्हणून वजिरीकडे किल्लेकोट केला. त्याने ए४ ढकललं, मग ए५ करून वजीर हाकलला, मग ए६ करून तो बी७ चा उंटच हुसकावला, सी१ वर हत्ती आणला आणि पंचविसाव्या चालीच्या आत डाव सोडावा लागला.

घरी आल्यापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. आनंदने ते प्यादं दिलं कशासाठी? त्याला तिथे काय दिसत होतं जे मला दिसलं नाही? कुणी नीट उलगडून सांगितलं तर उपकार होतील, नुसतं कॉम्प्युटर इंजिनचं आकड्यातलं मूल्यमापन नको.

वजीर_डी८

आधी सगळ्यांसाठी चाली देतो म्हणजे पट मांडून बघता येईल. (घो घोडा, उं उंट, व वजीर, ह हत्ती; × म्हणजे मारणं, ०-० म्हणजे किल्लेकोट, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल, घो बीडी७ म्हणजे बी च्या रकान्यातला घोडा डी७ वर.)

१.डी४ डी५ २.सी४ सी६ ३.घो एफ३ घो एफ६ ४.घो सी३ ई६ ५.ई३ घो बीडी७ ६.उं डी३ डी×सी४ ७.उं×सी४ बी५ ८.उं डी३ ए६ ९.ई४ सी५ १०.ई५ सी×डी४ ११.घो×बी५ ए×बी५ १२.ई×एफ६ जी×एफ६ १३.०-० व बी६ १४.व ई२ उं बी७ १५.उं×बी५

इथपर्यंत तिसरा डाव (१७ ऑक्टोबर २००८) आणि पाचवा डाव (२० ऑक्टोबर) अगदी सारखे आहेत. तिसऱ्यात आनंद १५...उं डी६ खेळला, पाचव्यात १५...ह जी८. किल्लेकोट दोन्हीत नाही. काळा_उंट दादा, तुमची चौदावी चाल बरोबरच होती, घोळ पंधराव्या चालीला झालाय.

सांगलीकर६४

मी बरीच वर्षं मुलांना शिकवतो आणि हा डाव दर उन्हाळ्यात पटावर मांडतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, "आनंदने प्यादं दिलं" हे पूर्ण खरं नाही. चौदाव्या चालीच्या आधी पटावरची प्यादी मोजा, बोट ठेवून मोजा. पांढऱ्याची ए२, बी२, एफ२, जी२, एच२ अशी पाच. काळ्याची बी५, डी४, ई६, एफ६, एफ७, एच७ अशी सहा. म्हणजे काळ्याकडे एक प्यादं जास्त आहे, बाकी मोहरी सारखीच. बी५ गेलं की पाच-पाच होतात. तर त्याने वरचं आलेलं परत दिलंय, पदरचं काही गेलेलं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते, कारण मग आपण काहीतरी गमावलंय आणि आता घाईघाईने हल्ला करून वसूल करायचंय असं वाटत नाही.

ते प्यादं वाचवायला उंट ए६ किंवा बी४ अशा चाली आहेतच आणि लोक त्या खेळायचेही. पण ए६ वर गेलेला उंट एका प्याद्याची राखण करत बसतो, आणि बी७ वर तोच उंट एफ३ च्या घोड्यावर आणि त्याच्यामागे जी२ वर बघतो. आता जी फाईल, म्हणजे जी चा उभा रकाना, बघा. बाराव्या चालीला जी-प्याद्याने एफ६ वर मारल्यामुळे ती काळ्यासाठी उघडी झालीय. हत्ती जी८ वर आला की जी२ वर दोन मोहऱ्यांचा नेम लागतो. शिवाय डी४ चं प्यादं पांढऱ्याच्या घशात अडकल्यासारखं आहे, ते तिथे आहे तोवर पांढऱ्याच्या मोहऱ्यांना मधून मोकळं फिरता येत नाही. म्हणजे एक प्यादं परत देऊन काळ्याने एका चालीची वेळ कमावली आणि प्रत्येक मोहऱ्याला काम दिलं.

आता राजा. दादा, तुमचा डाव इथेच गेला. ई८ वरचा राजा उघडा वाटतो, पण त्याच्यापुढे ई६, एफ६, एफ७ अशी प्याद्यांची भिंत आहे. याउलट सी फाईलवर एकाचंही प्यादं नाही, ए आणि बी वर काळ्याची प्यादी नाहीत आणि पांढऱ्याचं ए-प्यादं धावायला मोकळं. तुम्ही राजाला भिंतीआडून काढून रस्त्यावर नेऊन उभं केलंत. तिसऱ्या डावात आनंदचा राजा एफ८, मग जी७, मग एच६ असा चालत गेला. पाचव्यात ई७ वर गेला आणि ए८ चा हत्ती सी८ वर आला. सी फाईल काळ्याच्या हत्तीसाठी आहे, राजासाठी नाही.

तिसऱ्या डावातली एक जागा मला फार आवडते. २४ व्या चालीनंतर मोजलंत तर आनंदकडे दोन प्यादी कमी आहेत, पांढऱ्याची पाच आणि ह्याची तीन. त्यात पांढऱ्याची ए आणि बी ही जोडीने धावणारी. आणि तरीही खेळायला अवघड पांढऱ्याला जातंय, कारण त्याच्या राजाला बसायला जागा नाही. उंट जी२ वर शह, मग एच३, मग जी४, मग एफ५ वर शह, परत एच३, एकाच उंटाने राजाला जी१ च्या बाजूने पार पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळवलंय. शेवटी पांढऱ्याचं प्यादं ए७ वर, वजीर व्हायला एक घर बाकी, आणि आनंदने ४१...उंट बी१ शह दिला. उंट मारता येत नाही कारण मागे एफ१ वर वजीर आहे, राजा ए१ ला गेला तर उंट ई४ वर येऊन वजिराचा शह उघडतो आणि ए८ पण धरतो, बी३ ला गेला तर वजिराचे शह सुरूच राहतात. क्रामनिकने डाव सोडला. चौदाव्या चालीला बी७ वर ठेवलेला तोच उंट आहे हा!

इंजिन_ऑन

सगळं मान्य, पण खरं सांगायचं तर हा विजय घरच्या तयारीचा आहे. पीटर हाइने नील्सन, कासिमझानोव्ह, वोयताशेक, आपला सूर्यशेखर गांगुली, आनंदच्या टीममधली एवढी माणसं महिनोन्महिने कॉम्प्युटर घेऊन बसली होती. क्रामनिक पटावर एकटा आणि समोर पाच जणांचा अभ्यास. आजच्या इंजिनला विचारलं तर १४...उंट बी७ नंतर पांढऱ्याचं काहीही बिघडत नाही. मग एवढं डोक्यावर घ्यायचं कारण काय?

सांगलीकर६४

क्रामनिककडेही टीम होतीच की. आणि पांढऱ्याचं बिघडत नाही हे मी पण मुलांना सांगतो, लपवण्यासारखं काही नाही त्यात. पण पटावर बसलेल्या माणसाला ते स्वतः शोधायचं असतं, ४० चालींना २ तास, समोर घड्याळ. तिसऱ्या डावात क्रामनिक विचार करत बसला आणि शेवटी वेळेच्या ओढाताणीत चुकला. तयारीने आनंदला विजय मिळाला नाही, त्याला हव्या तशा प्रकारची लढत मिळाली. ज्याला सगळं बांधून, हळूहळू पिळून जिंकायला आवडतं अशा माणसाला त्याने गणित करायला लावलं, तेही प्रत्येक चालीला.

राइनकाठी (जर्मनी)

हा धागा बघून राहवलं नाही. मी तेव्हा आखेनला एमएस करत होतो, बॉन ट्रेनने दीडएक तासावर. मॅच तिथल्या कला संग्रहालयाच्या इमारतीत होती. पाचवा डाव सोमवारी होता, मला लॅबमधून सुटता आलं नाही, ह्याची आजही रुखरुख आहे. दुसऱ्या खिडकीत पट उघडून ठेवला होता आणि बाजूला एक रशियन मित्र, तो क्रामनिकच्या बाजूचा.

२८ व्या चालीपर्यंत डाव बरोबरीत चाललाय असं आम्हा दोघांना वाटत होतं. मग क्रामनिकने घोड्याने डी४ चं प्यादं मारलं. मित्र टुणकन उठला, कारण वजिराने घोडा मारला की हत्ती डी१ वर येणार, वजीर हलला की डी७ चा घोडा जाणार. आनंदने वजीर हलवलाच नाही! ३०...घोडा एफ६, आता पांढऱ्याच्या वजिरावर घोडा. वजिराला वजीर गेले, हत्ती डी७ वर शह देऊन बी७ चा उंट खाल्ला. मित्र म्हणाला झालं, क्रामनिकची दोन प्यादी ए आणि बी वरून पळतायत, आता एंडगेम त्याचा. मलाही तेच वाटलं, पोटात गोळा आला होता.

मग हत्ती सी१ वर शह, उंट एफ१ वर मध्ये आला. आणि ३४...घोडा ई३. मोकळ्या घरात, सरळ एफ२ च्या प्याद्याच्या तोंडात. घोडा मारला नाही तर एफ१ चा उंट जातो आणि मारला तर एफ४ चं प्यादं ई३ वर येऊन ई२ ला धडकतं, एफ१ चा उंट हत्तीने बांधलेला, त्याला हलता येत नाही. ३५.एफ×ई३ एफ×ई३, आणि क्रामनिकने डाव सोडला. आम्ही दोघं मिनिटभर काही बोललोच नाही. मग मित्राने खुर्ची सरकवून माझ्याशी हस्तांदोलन केलं, जसं काही मीच जिंकलो होतो.

इंजिन_ऑन, ही चाल तयारीच्या कुठल्या कॉम्प्युटर फाईलमधून आलेली नव्हती हो. क्रामनिकने हत्ती बी७ पर्यंतचं सगळं मोजलं होतं आणि शेवटची घोड्याची चाल त्याच्या नजरेतून सुटली. आनंदच्या नजरेतून नाही सुटली.

इंजिन_ऑन

ह्या डावाबद्दल तुमचं बरोबर आहे. ३४ वी चाल आत्ता इंजिन बंद करून बघितली, मला तरी दिसली नसती. पण मग क्रामनिक परत त्याच लाईनमध्ये का गेला? एकदा हरल्यावर तीनच दिवसांत?

वजीर_डी८

ह्यावर मी बरेचदा विचार केलाय. त्याच्या बाजूने बघा, तिसऱ्या डावात ओपनिंगमधून तो हरण्याच्या स्थितीत आलाच नव्हता, पुढे वेळ कमी पडल्याने हरला. मधे एक डाव आणि एक विश्रांतीचा दिवस गेला, त्याच्या टीमने काहीतरी शोधलं असणार, आणि पांढऱ्या मोहऱ्यांनी माघार घेणं त्याला पटलं नसणार. जगज्जेता राहिलेला माणूस आहे, २००० साली लंडनला कास्पारोव्हला बर्लिन बचावावर रोखून किताब घेतलेला. म्हणून मी त्याला हट्टी म्हणणार नाही. पण आनंदने पण हेच ओळखलं होतं आणि पंधराव्या चालीलाच वाट बदलली. क्रामनिकने जे काही १५...उं डी६ साठी आणलं असेल ते खिशातच राहिलं. मला विचाराल तर अख्ख्या मॅचमधली सगळ्यात भारी चाल हीच, १५...ह जी८, दिसायला किती साधी!

आणि दुसरीकडे स्वतः पांढऱ्याने आनंद १.डी४ खेळत होता. आयुष्यभर ई४ वाला माणूस! क्रामनिकने ई४ विरुद्धच्या पेट्रोव्ह आणि बर्लिन बचावांची भिंत घासूनपुसून आणली असणार आणि तिला कुणी हात लावला नाही. ई४ आलं ते थेट अकराव्या डावात, जेव्हा फक्त बरोबरी हवी होती. तिसरा, पाचवा, सहावा जिंकून सहा डावांनंतर साडेचार-दीड, दहावा क्रामनिकने जिंकला, अकरावा २४ चालींत बरोबरी, साडेसहा-साडेचार. दिवाळीचे दिवस होते, आमच्याकडे फराळाच्या ताटाशेजारी पट मांडलेला होता.

मनवाची_आई (ठाणे)

सगळं वाचतेय, निम्मंच कळलं पण छान वाटलं. माझी मुलगी ९ वर्षांची आहे, दिव्या देशमुखने बटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून तर रोज तीन तास पटावर असते. तिच्या क्लासमध्ये सध्या सेमी-स्लाव्ह शिकवतायत, मेरान की काय तेच, वीस वीस चाली पाठ करून घेतात आणि चुकली की ओरडा बसतो. परवा रडत घरी आली. सर, एवढ्या लहान वयात हे गरजेचं आहे का? बाकीची मुलं पाठ करतात, ही मागे पडेल का अशी भीती वाटते.

सांगलीकर६४

ताई, मागे पडणार नाही, निश्चिंत राहा. वर काळा_उंट दादांनी जे लिहिलंय तेच ह्याचं उत्तर आहे, १४ चाली बिनचूक आणि पंधरावीला अंधार. मोठ्या माणसाचं असं होतं तर नऊ वर्षांच्या मुलीचं काय होणार. ह्या वयात मेरान मी माझ्याकडच्या मुलांना देत नाही. तिला साध्या ओपनिंग खेळू दे, मोहरी बाहेर काढणं, मधली घरं धरणं, वेळेत किल्लेकोट. आणि रोज दहा-पंधरा कोडी सोडवू दे, घोडा ई३ सारखी चाल दिसते ती त्यातून दिसते.

पण एक करा. हा पाचवा डाव तिला २८ व्या चालीपासून मांडून द्या आणि काळ्याच्या बाजूने एकेक चाल तिला शोधायला सांगा. नाही सापडली तर सांगू नका लगेच, पट तसाच टेबलावर ठेवा. आणि क्लासच्या सरांशी शांतपणे बोला, रडत घरी येणारं मूल खेळ सोडतं, हे मी फार बघितलंय.

जुना_पट

नावाबद्दल कुणी काही लिहिलं नाही म्हणून थोडं. मेरान म्हणजे इटलीच्या उत्तरेकडचं मेरानो गाव. १९२४ च्या तिथल्या स्पर्धेत ग्रुनफेल्डविरुद्ध रुबिनस्टाईन काळ्याने हे डी×सी४ आणि बी५ खेळला आणि जिंकला, तेव्हापासून गावाचं नाव चिकटलं. पुढे १९८१ ची कार्पोव्ह - कोर्चनॉयची जगज्जेतेपदाची मॅचही त्याच गावात झाली.

आणि आनंद आणि मेरान म्हटल्यावर नेदरलँड्समधल्या विक आन झी स्पर्धेतला २०१३ चा अरोनियनविरुद्धचा डाव विसरून कसं चालेल! तिथे आठव्या चालीला ए६ नाही, उंट डी६. आरोनियनने घोड्याने एच७ मारल्यावर आनंदने आपला घोडा जी४ वर टाकला, मग १५...उंट सी५, १६...घोडा डीई५, एकामागून एक मोहरी पांढऱ्याच्या तोंडात देत गेला, आणि २३ चालींत आरोनियन हरला. ती तयारी २०१२ च्या गेलफांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या मॅचसाठी केलेली होती, तेव्हा वापरायची वेळच आली नाही. दोन्ही उंट शेजारशेजारच्या कर्णांवरून राजाकडे बघतायत हे चित्र रुबिनस्टाईनच्याच १९०७ च्या लॉड्झमधल्या रोटलेव्हीविरुद्धच्या डावात आहे. ज्याने मेरान दिलं त्याचाच तो डाव. हे दोन्ही डाव लागोपाठ मांडून बघा, रात्र कशी जाते कळत नाही.

राइनकाठी (जर्मनी)

+१. १५...उंट सी५ बघून मी ऑफिसात मोठ्याने ओरडलो होतो.

काळा_उंट (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस लिहिलं नाही कारण पटावर बसलो होतो.

सांगलीकर सरांनी सांगितल्याप्रमाणे प्यादी बोट ठेवून मोजली. खरंच सहा आणि पाच! इतकी वर्षं मी ते बलिदान समजत होतो आणि म्हणूनच बी५ गेल्यावर हातपाय गाळले. मग आमच्या गल्लीत एक काका आहेत, जुने जिल्हा पातळीवरचे, त्यांच्याकडे गेलो. १५.उं×बी५ पासून डाव मांडला आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंनी खेळलो, फोन बाजूला ठेवून. आठ डाव झाले. काळ्याने पहिले दोन मी हरलो, दोन्हीदा काकांनी ए-प्यादं पळवलं. तिसऱ्याला हत्ती जी८, राजा ई७, दुसरा हत्ती सी८ असं केलं आणि एकदम मोहऱ्यांना पाय फुटल्यासारखं झालं. काका पाच मिनिटं नुसते जी२ कडे बघत बसले, मग म्हणाले, "हा उंट काढ रे बाबा तिथून, मला श्वास घेऊ दे." आठातले काळ्याने चार डाव खेळलो, तिसरा जिंकला, चौथा बरोबरीत सोडवला.

एक शंका मात्र आहे. पाचव्या डावात १७.उं जी३ नंतर आनंद एफ५ आणि एफ४ ढकलून तो उंट एच४ वर घालवतो आणि मग ई७ वर उंटाला उंट देऊ करतो. तिथे काकांनी एच४ वरून मारलंच नाही, २०.ए४ पण नाही, सरळ हत्ती सी४ वर आणून डी४ च्या प्याद्यावर डोळा ठेवला. आम्ही दोघंही अडकलो. मी उंटाने एच४ मारून मग राजा ई७ केलं, पण डी४ चं प्यादं फार वेळ राखता आलं नाही. तुम्ही काय खेळाल?

पुढच्या रविवारी परत स्पर्धा आहे. काळं आलं आणि समोरच्याने ई५ ढकललं तर हेच खेळणार आहे.

सांगलीकर६४

चांगला प्रश्न आहे. एच४ मारायची घाई नको, त्याने त्याचा घोडा एच४ ला जाईल हे खरं, पण आधी बी७ चा उंट एफ३ वर मारता येतो का ते बघा, मग डी४ वरचा एक हल्लेखोर कमी होतो. त्यात जी फाईलवर त्याच्या राजापुढचं प्यादं एफ३ ला सरकलं तर अजूनच बघायला हवं. रात्री क्लास संपला की पट मांडतो आणि उद्या लिहितो. काकांना माझा नमस्कार सांगा.